आय-थ्रीची कॉन्फिग फाइल रीलोड करण्याआधी तपासायची कशी?

प्रश्न – परळ अभ्यासिका

नमस्कार मंडळी,

परळमधील एका मंडळाच्या अभ्यासिकेत देणगीतून मिळालेले सात-आठ जुने संगणक आहेत आणि त्यांची देखभाल माझ्याकडे आहे. प्रत्येकात मेमरी जेमतेम २ जीबी असल्याने जड डेस्कटॉप घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून सगळीकडे डेबियन ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर आय-थ्री हा विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्रॅम, ठेवला आहे. मॉड (आय-थ्रीच्या शॉर्टकटसाठी ठरवलेली कळ) आणि एन्टर दाबले की टर्मिनल, मॉड आणि डी दाबले की प्रोग्रॅमची यादी, आणि आकडे दाबून वर्कस्पेस बदलायचे, एवढे दाखवले की येणाऱ्या मुलांचे काम भागते. चाळीतल्या घरात अभ्यासाला जागा नसते, त्यामुळे मुले रात्री उशिरापर्यंत बसलेली असतात. कोणी स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरत असते, कोणी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत असते. मी मुलुंडला राहतो, म्हणून कॉन्फिग फाइलमधले, म्हणजे आय-थ्रीच्या सेटिंगच्या फाइलमधले, बहुतेक बदल घरून एसएसएचवरून (दूरच्या संगणकावर कमांड चालवण्याची सोय) करतो आणि अभ्यासिकेत असलेल्या कोणाला तरी मॉड, शिफ्ट आणि सी दाबून रीलोड करायला, म्हणजे ती फाइल पुन्हा वाचायला लावायला, सांगतो.

सध्या दोन संगणकांवर दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिल्यावर रीलोड केल्यापासून जे, के, एल ही अक्षरे कुठल्याही खिडकीत उमटत नाहीत, एन्टर, एस्केप आणि बाणांच्या कळाही प्रोग्रॅमपर्यंत पोहोचत नाहीत, आणि शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघड्या असताना जे दाबला तर अक्षर उमटण्याऐवजी चालू खिडकीची रुंदी कमी होते. रीलोडच्या वेळी वर लाल पट्टी आली होती, असे मुले सांगतात. त्यांनी ती फुलीवर क्लिक करून बंद केली. दुसऱ्या संगणकावर मॉड आणि एन्टर व्यवस्थित चालते, परंतु मॉड आणि डी चालत नाही, आणि मॉड, शिफ्ट, सीसुद्धा चालत नसल्यामुळे कीबोर्डवरून रीलोड करण्याचा मार्गच बंद झाला आहे. या संगणकावर मराठी टायपिंगसाठी सेट-एक्स-केबी-मॅप ही कीबोर्डचा लेआउट ठरवणारी कमांड चालवणारी एक एक्झेक ओळ कॉन्फिगमध्ये आहे. ती बदलून लॉगिन-लॉगआउट न करता परिणाम दिसावा अशी अपेक्षा होती, पण काहीच फरक पडला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. फाइल प्रत्यक्ष लागू करण्याआधी तिच्यातल्या चुका कळण्याचा मार्ग कोणता? रीलोड, रीस्टार्ट आणि लॉगआउट यांपैकी कोणत्या बदलाला काय पुरते? आणि हे सगळे एसएसएचवरून करता येईल का? अर्ज अर्धवट भरून झालेल्या मुलाची खिडकी माझ्यामुळे बंद होता कामा नये, ही एकच अट आहे.

उत्तर – जुना टर्मिनल

पहिल्या संगणकाचे निदान फाइल न पाहताही बऱ्यापैकी खात्रीने करता येते. जे, के, एल, सेमीकोलन, चार बाण, एन्टर आणि एस्केप हा संच आय-थ्रीच्या मूळ फाइलमधील रीसाइझ मोडचा आहे. त्या मोडमध्ये जे म्हणजे रुंदी कमी, के म्हणजे उंची जास्त, एल म्हणजे उंची कमी आणि सेमीकोलन म्हणजे रुंदी जास्त. एन्टर किंवा एस्केप दाबले की मोडमधून बाहेर. या सगळ्या ओळी महिरपी कंसात असतात आणि कंस उघडतो तो ‘मोड रीसाइझ’ या ओळीच्या शेवटी. फाइल तीन-चार जणांच्या हातून गेली असेल तर तो उघडणारा कंस कोणाकडून तरी खोडला गेला असण्याची शक्यता फार मोठी आहे.

कंस गेल्यावर नेमके काय होते हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आय-थ्रीच्या वागण्याचे मर्म त्यातच आहे. चूक सापडली म्हणून आय-थ्री अख्खी फाइल नाकारत नाही. जी ओळ समजली नाही ती शेवटपर्यंत सोडून देऊन तो पुढच्या ओळीपासून वाचन चालू ठेवतो. इथे कंस न मिळाल्यामुळे रीसाइझ मोड उघडलाच गेला नाही, आणि खालच्या बाइंडसिमच्या, म्हणजे कळेला आज्ञा जोडणाऱ्या, ओळी एकट्या पाहिल्या तर अगदी बरोबर असल्यामुळे त्या मुख्य भागातल्या समजून स्वीकारल्या गेल्या. परिणाम असा की साधा जे, मॉडशिवायचा, सगळीकडे आय-थ्रीने स्वतःकडे राखून ठेवला. लाल पट्टी म्हणजे नॅगबार. तिच्यावर चुका दाखवण्याचे आणि कॉन्फिग उघडण्याचे अशी दोन बटणे असतात. मुलांनी ती बंद केली यात त्यांचा दोष नाही, पण पुढच्या वेळी पट्टी आल्यास फोटो काढून पाठवा, असे भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

आता तपासणीबद्दल. आय-थ्रीलाच हायफन आणि कॅपिटल सी हा पर्याय दिला की तो फाइल वाचतो, चुका छापतो आणि संपतो. चालू सत्राला हातही लावत नाही. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली फाइल तपासायची असेल तर त्यापुढे हायफन आणि स्मॉल सी देऊन तिचा पत्ता लिहावा. कॅपिटल आणि स्मॉल यांत गल्लत करू नका, कारण नुसता स्मॉल सी दिला तर आय-थ्री तपासणी न करता त्या फाइलसह सुरूच व्हायला पाहतो. या तपासणीला एक्स सर्व्हर (पडदा आणि कीबोर्ड हाताळणारा प्रोग्रॅम) लागत नाही, म्हणून ती एसएसएचवरून कोणतीही जुळवाजुळव न करता चालते. चुकीच्या ओळीचा क्रमांक, तिच्या आजूबाजूच्या ओळी आणि त्या जागी काय अपेक्षित होते हे तो सांगतो. मात्र कंसासारख्या चुकीत बोट प्रत्यक्ष चुकीच्या ओळीकडे नव्हे, तिच्या खालच्या ओळीकडे दाखवले जाते, तेव्हा वरची ओळही पाहावी.

तपासणी पार पडली तर कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे संपताना ती परत देते तो आकडा, शून्य असतो, चूक असेल तर एक. म्हणून तपासणी आणि रीलोड या दोन कमांड मध्ये दोन अँपरसँड घालून एका ओळीत लिहिल्या की फाइल सदोष असताना रीलोड होतच नाही. मी तर याच्या उलट क्रमाने काम करणे अगदी टाळतो: चालू फाइलवर थेट लिहायचे नाही, शेजारी नव्या नावाने प्रत करायची, ती तपासायची, आणि मगच एमव्ही या फाइल हलवणाऱ्या कमांडने जुन्या नावावर सरकवायची. अर्धवट लिहिलेली फाइल असताना कोणी कुतूहलाने रीलोड दाबले तर काय होते ते तुमच्या पहिल्या संगणकाने दाखवलेच आहे.

रीलोडसाठी आय-थ्री-एमएसजी या प्रोग्रॅमला रीलोड हा शब्द द्यायचा. त्याला चालू आय-थ्रीचा सॉकेट, म्हणजे त्याच्याशी संपर्क साधण्याची जागा, सापडावा लागतो आणि तो पत्ता एक्सच्या रूट विंडोवर किंवा आय-थ्री-सॉक या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये असतो; एसएसएचच्या शेलला यांपैकी काहीच ठाऊक नसते. म्हणून ज्या युजरचे सत्र पडद्यावर चालू आहे त्याच युजरच्या नावाने लॉगिन करा, कोणता पडदा ते सांगणाऱ्या डिस्प्ले या व्हेरिएबलला कोलन शून्य ही किंमत द्या आणि मग रीलोड पाठवा. रूट (सर्व अधिकार असलेला युजर) म्हणून हे करण्याचा मोह टाळा. उत्तरादाखल सक्सेस आणि ट्रू असे शब्द दिसतील, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. रीलोडची आज्ञा पोहोचली, एवढाच त्याचा अर्थ आहे. फाइलमध्ये सोडून दिलेल्या ओळी असल्या तरी उत्तर तेच येते.

रीलोडने खिडक्या बंद होत नाहीत. रीस्टार्टनेही होत नाहीत: आय-थ्री आपली मांडणी लिहून ठेवतो, स्वतःला नव्याने सुरू करतो आणि त्याच खिडक्या पुन्हा ताब्यात घेतो. डेबियनने आय-थ्रीची नवी आवृत्ती बसवल्यानंतर ती लॉगआउट न करता वापरात आणण्यासाठी रीस्टार्टच उपयोगी पडतो. मुलांना सांभाळून राहायला सांगायचे ते मॉड, शिफ्ट आणि ई या जोडीपासून, कारण ती सत्र संपवण्यासाठी आहे. आर आणि ई शेजारी-शेजारी आहेत, आणि रीस्टार्टचा शॉर्टकट मॉड, शिफ्ट आणि आर आहे. मूळ फाइलमध्ये ई दाबल्यावर आधी विचारणा होते. तुमच्या फाइलमधून ती विचारणा कोणी काढली नाही ना, तेवढे पाहून घ्या.

उत्तर – इनस्क्रिप्टवाली

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु दुसऱ्या संगणकाला त्या तपासणीचा काहीच उपयोग होणार नाही. तिथे फाइल निर्दोष निघेल, आणि तरीही मॉड आणि डी चालणार नाही.

लक्षण पाहा. एन्टर चालतो आणि डी चालत नाही. एन्टर ही कळ इंग्रजी, मराठी, कोणत्याही लेआउटमध्ये एन्टरच असते. डी मात्र नसते. इनस्क्रिप्ट या मराठी लेआउटमध्ये डीच्या जागी हलन्त आहे. बाइंडसिममध्ये आपण लिहितो ते कळेचे नाव नसून त्या कळेतून निघणाऱ्या चिन्हाचे नाव असते, आणि आय-थ्री ते चिन्ह कोणत्या भौतिक कळेवर आहे हे कीबोर्डच्या पहिल्या लेआउटमध्ये शोधतो. तुमच्या त्या ओळीत भारतीय लेआउट आधी आणि अमेरिकन नंतर लिहिला असणार. मग पहिल्या लेआउटमध्ये डी नावाचे चिन्ह कुठेच सापडत नाही आणि तो शॉर्टकट कोणत्याच कळेला जोडला जात नाही. टायपिंग इंग्रजीवर आणून पाहिले तरी फरक पडत नाही, कारण शोध पहिल्या लेआउटमध्येच होतो, चालू लेआउटमध्ये नव्हे. पडद्यासमोर बसलेल्या कोणाला तरी हे करून पाहायला सांगा. इंग्रजी निवडूनही मॉड आणि डी मुके राहिले तर कारण हेच.

तपासणीत हे का दिसत नाही, तेही सांगते. तपासणी एक्सशिवाय चालते, हा तिचा गुण वर सांगितला आहे. त्याच गुणापायी तिला तुमच्या कीबोर्डवर कोणते लेआउट बसवले आहेत याचा पत्ता नसतो. डी हे चिन्ह व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे, तेवढेच ती पाहते. तपासणीच्या मर्यादांत आणखी एक गोष्ट धरावी: शॉर्टकटपुढे लिहिलेली आज्ञा ती वाचत नाही. एक्झेकपुढे प्रोग्रॅमचे नाव चुकीचे लिहिले, किंवा वर्कस्पेस या शब्दाचे स्पेलिंग बिघडले, तरी फाइल निर्दोषच ठरते आणि चूक कळते ती कोणी ती कळ दाबेल तेव्हा.

उपाय सोपा आहे. लेआउटचा क्रम उलटा करा: अमेरिकन आधी, भारतीय नंतर. पहिल्या लेआउटवरून जोडलेला शॉर्टकट आय-थ्रीमध्ये इतर सर्व लेआउटमध्येही चालू राहतो, त्यामुळे मराठीत टाइप करत असतानाही मॉड आणि डी काम करील. अदलाबदलीसाठी जी कळ तुम्ही ठरवली असेल, उदाहरणार्थ ऑल्ट आणि शिफ्ट, ती तशीच राहते. दुसरा मार्ग म्हणजे बाइंडसिमऐवजी बाइंडकोड वापरून थेट कळेचा क्रमांक द्यायचा. नेहमीच्या पीसी कीबोर्डवर एक्समध्ये डीचा क्रमांक ४० आणि सीचा ५४ असतो, आणि बाकीचे एक्सईव्ही या प्रोग्रॅमने पाहता येतात. माझ्या मते अभ्यासिकेसाठी क्रम बदलणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. क्रमांकांनी भरलेली फाइल तुमच्यानंतर येणाऱ्याला वाचता येणार नाही.

आता तुम्ही ती ओळ बदलून रीलोड केले तरी फरक का पडला नाही? एक्झेकने लिहिलेली ओळ आय-थ्री पहिल्यांदा सुरू होताना एकदाच चालते. रीलोडच्या वेळी ती चालत नाही आणि रीस्टार्टच्या वेळीही नाही. एक्झेक-ऑलवेज लिहिले तर रीस्टार्टच्या वेळी चालते. पण यासाठी रीस्टार्टचीही गरज नाही. डिस्प्लेची किंमत वर सांगितल्याप्रमाणे देऊन सेट-एक्स-केबी-मॅप एसएसएचवरूनच नव्या क्रमासह चालवा. कीबोर्डची मांडणी बदलल्याची सूचना एक्सकडून आय-थ्रीला मिळते आणि तो सगळे शॉर्टकट नव्याने जोडून घेतो. मॉड आणि डी त्याच क्षणी चालू होईल. आधी हायफन आणि क्वेरी हा पर्याय देऊन सध्याचा क्रम पाहून घ्या. कायमची सोय करायची तर डेबियनमध्ये ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरातील डीफॉल्ट या फोल्डरातल्या कीबोर्ड नावाच्या फाइलीत तोच क्रम लिहा आणि आय-थ्रीच्या फाइलमधली ओळ काढूनच टाका. कीबोर्डचा लेआउट ही संगणकाची बाब आहे. ती विंडो मॅनेजरच्या फाइलीत ठेवली की असे घोटाळे होतात.

रीलोडने लगेच न दिसणाऱ्या गोष्टींची आणखी दोन उदाहरणे देते, म्हणजे पुढे शोध घेत बसावे लागणार नाही. फॉर-विंडोने ठराविक खिडक्यांसाठी लिहिलेले नियम आणि खिडकीची किनार ठरवणारी डीफॉल्ट-बॉर्डर हे नव्याने उघडणाऱ्या खिडक्यांना लागू होतात, आधीच उघड्या असलेल्यांना नाही. किनार एक पिक्सेल केली, रीलोड केले आणि पडद्यावर काहीच बदलले नाही, म्हणून फाइल वाचली गेली नाही असा निष्कर्ष काढू नका. एक नवी खिडकी उघडून पाहा.

परळ अभ्यासिका

दोघांचेही मनापासून आभार. पहिल्या संगणकावर तपासणी चालवली तेव्हा मोड रीसाइझच्या खालच्या टिप्पणीच्या ओळीवर चूक दाखवली गेली, आणि उघडणारा कंस खरोखरच वरच्या ओळीत नव्हता. कंस घालून रीलोड केल्यावर जे, के, एल परत आले; रीलोडच्या वेळी एक मुलगी अर्ज भरत होती, तिची खिडकी जागच्या जागी राहिली. दुसऱ्या संगणकावर सेट-एक्स-केबी-मॅपच्या क्वेरीत भारतीय लेआउट पहिला दिसला. क्रम बदलताच मॉड आणि डी चालू झाले, आय-थ्रीला हातही न लावता.

या उत्साहात मी सर्व संगणकांसाठी शॉर्टकटची एक सामायिक फाइल केली आणि प्रत्येकाच्या कॉन्फिगमध्ये इन्क्लूड या दुसरी फाइल आत घेणाऱ्या ओळीने ती जोडली. बहुतेक ठिकाणी तपासणी पार पडते. दोन संगणकांवर मात्र इन्क्लूडच्याच ओळीवर चूक दाखवली जाते, जरी फाइल अक्षरशः तीच आहे. शिवाय त्यांपैकी एकावर मी कॉन्फिग बदलून रीलोड करतो तेव्हा साध्या रंगाचा बदलही दिसत नाही. तिथे तो कोणती फाइल वाचतो आहे, याचीच शंका येते.

उत्तर – जुना टर्मिनल

त्या दोन संगणकांवर डेबियन ११ असणार. त्यात आय-थ्रीची ४.१९ मालिका आहे, आणि इन्क्लूडची सोय ४.२० पासून, म्हणजे २०२१च्या उत्तरार्धात, आली. डेबियन १२ मध्ये ४.२२ आहे, म्हणून तिथे तीच ओळ बिनतक्रार चालते. तपासणी ज्या आवृत्तीने होते तिच्यापुरतीच ती खरी असते; घरच्या लॅपटॉपवर तपासून फाइल अभ्यासिकेत पाठवण्याची पद्धत असेल तर ती सोडा आणि ज्या संगणकावर फाइल वापरायची त्याच संगणकावर तपासा. ते दोन संगणक अद्ययावत करणे बरे. तोपर्यंत तिथे कॅट या कमांडने दोन्ही तुकडे एकत्र जोडून एकच फाइल तयार करावी. सामायिक फाइलीतला एखादा शॉर्टकट मूळ फाइलीतही राहिला असेल तर तो दुहेरी झाल्याची तक्रार येईल, ती दुर्लक्षित करू नका.

कोणती फाइल वाचली जाते याचे उत्तर आय-थ्री स्वतः देतो. दोन हायफन देऊन मोअरव्हर्शन असे सलग लिहिले की तो चालू सत्राला विचारून त्याची आवृत्ती, वाचलेल्या कॉन्फिगचा पूर्ण पत्ता, ती फाइल शेवटची केव्हा बदलली आणि त्याला किती सेकंद झाले हे सगळे छापतो. हा चालू सत्राला विचारलेला प्रश्न असल्याने इथे डिस्प्ले लागतो. मला हा पर्याय तपासणीइतकाच महत्त्वाचा वाटतो, आणि तो फारसा कोणी वापरत नाही याचे नवल वाटते. आय-थ्री होम फोल्डरातील डॉट-कॉन्फिगच्या आतल्या आय-थ्री या फोल्डरात पाहतो, होममधील डॉट-आय-थ्री या जुन्या फोल्डरातही पाहतो, आणि कुठेच काही मिळाले नाही तर ईटीसीतली सर्वांसाठीची फाइल घेतो. होममध्ये दोन्ही ठिकाणी फाइल असेल तर एक ठेवा आणि दुसरी हटवा. कोणती जिंकते हे लक्षात ठेवण्यापेक्षा तो वादच मिटवलेला चांगला. बाइंडसिमच्या चुका न सापडता वागणे विचित्र वाटत राहिले, तर डीबगलॉग ऑन, शेमलॉग ऑन आणि रीलोड या तीन आज्ञा अर्धविरामाने जोडून एकाच अवतरणात आय-थ्री-एमएसजीला द्या, आणि मग आय-थ्री-डम्प-लॉगने नोंद वाचा. कोणती ओळ कशी समजली गेली ते त्यात सविस्तर असते.

उत्तर – घाटकोपर पूर्व

वाचणाऱ्या इतरांसाठी थोडी भर. मी वेलँडवर (एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत) स्वे हा विंडो मॅनेजर वापरतो, ज्याची फाइल बरीचशी आय-थ्रीसारखीच असते, पण इथली सगळी उत्तरे तिला जशीच्या तशी लागू होत नाहीत. तपासणीसाठी तिथेही कॅपिटल सी, किंवा दोन हायफन आणि व्हॅलिडेट, आहे आणि रीलोड स्वे-एमएसजीने होते. मात्र जागच्या जागी रीस्टार्ट हा प्रकारच नाही, कारण स्वे स्वतःच डिस्प्ले सर्व्हर आहे आणि तो थांबला की त्याला जोडलेल्या खिडक्याही जातात. एक्झेक-ऑलवेज तिथे रीलोडच्या वेळीच चालतो. आणि मराठी लेआउटवर असताना बाइंडसिमचे शॉर्टकट मुके होतात, जरी इंग्रजी लेआउट पहिला असला तरी. त्यासाठी ओळीत बाइंडसिमनंतर टू-कोड हा पर्याय जोडावा लागतो, म्हणजे फाइल वाचतानाच चिन्हाचे रूपांतर कळेच्या क्रमांकात होते.

नवी फाइल खरोखर वापरून पाहायची असेल, नुसती तपासायची नसेल, तर आय-थ्रीवाल्यांनी झेफिर वापरावे. ते एका खिडकीत दुसरा एक्स सर्व्हर उघडते. त्याला कोलन एक असे डिस्प्ले द्या आणि त्या डिस्प्लेवर नव्या फाइलीसह दुसरा आय-थ्री सुरू करा. आतले मॉडचे शॉर्टकट बाहेरचा आय-थ्री मध्येच पकडतो, म्हणून कंट्रोल आणि शिफ्ट एकत्र दाबून कीबोर्ड आतल्या खिडकीच्या ताब्यात द्यावा लागतो. तीच जोडी पुन्हा दाबली की तो बाहेर येतो.

परळ अभ्यासिका

मोअरव्हर्शनने उलगडा झाला. त्या संगणकावर होममधील डॉट-आय-थ्री फोल्डरात जुनी फाइल शिल्लक होती आणि आय-थ्री तीच वाचत होता. ती हटवून रीस्टार्ट केल्यावर रंगही बदलला. दोन्ही डेबियन ११च्या संगणकांवर तुकडे जोडून एक फाइल केली आहे.

आता प्रत्येक संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे: नवी प्रत तपासायची, चूक असेल तर तिथेच थांबून चुका छापायच्या, चूक नसेल तर जुनी फाइल तारखेच्या नावाने बाजूला ठेवून नवी तिच्या जागी सरकवायची, डिस्प्ले ठरवून रीलोड पाठवायचा आणि शेवटी मोअरव्हर्शनमधली कॉन्फिगच्या पत्त्याची ओळ दाखवायची. एक शेवटची शंका आहे. सुरुवातीला चालणाऱ्या सगळ्याच एक्झेक ओळी मी एक्झेक-ऑलवेज करून टाकू का? म्हणजे रीस्टार्टने सर्व काही ताजे होईल.

उत्तर – इनस्क्रिप्टवाली

सगळ्या करू नका. जो प्रोग्रॅम आपले काम करून लगेच संपतो, उदाहरणार्थ पडद्याचा रंग किंवा पार्श्वभूमी लावणारा, त्याला एक्झेक-ऑलवेज चालेल, कारण तो पुन्हा चालल्याने बिघडत काही नाही. जो पार्श्वभागी चालत राहतो, त्याची मात्र रीस्टार्ट होताना जुनी प्रत तशीच राहते आणि शेजारी दुसरी सुरू होते. काही प्रोग्रॅम स्वतःच ओळखून दुसरी प्रत बंद करतात, पण सगळे नाही. २ जीबीच्या संगणकावर अशा प्रती साचू लागल्या तर मुले पुन्हा तुम्हालाच फोन करतील. त्या ओळी एक्झेकच राहू द्या, आणि एखादा प्रोग्रॅम खरोखरच नव्याने सुरू करायचा असेल तेव्हा आधी पीकिल या प्रोग्रॅम थांबवणाऱ्या कमांडने जुनी प्रत थांबवून मग सुरू करणारी वेगळी ओळ लिहा.